आधी आकडा सांग

सकाळी ५.५०

गजर सहाचा आहे, पण त्याआधीच साइट इंजिनिअरचा मेसेज येऊन पडलेला असतो. सात फोटो आणि खाली एक ओळ: "स्टील कम्प्लीट, चेकिंगला या. आरएमसी ११ ला बुक आहे." आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटची गाडी. फोटोंवरून काहीच कळत नाही. बांधलेल्या सळयांचे फोटो चटईच्या फोटोंसारखे असतात, कुठलाही काढा, सारखाच. तरी मी अंथरुणातच एकेक मोठा करून बघते. दुसऱ्या कॉटवरची मैत्रीण पांघरुणातूनच विचारते, "आज स्लॅब?" ती आयटीत आहे. तिला स्लॅब म्हणजे काय हे आठ महिन्यांत माझ्यामुळे कळलं, मला तिच्या कामातलं अजून काही कळलेलं नाही.

आठ महिने झाले मला नोकरीला लागून. आमचं ऑफिस एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही आठ जण. बाजारात आम्हाला आरसीसी कन्सल्टंट म्हणतात. इमारत कशी दिसेल ते आर्किटेक्ट ठरवतो, ती कितीला विकायची ते बिल्डर ठरवतो, आणि ती कशाच्या जिवावर उभी राहील ते आम्ही. घरी एवढंच सांगून ठेवलंय. गावाकडे सगळ्यांना वाटतं मी बिल्डरकडे कामाला आहे, आणि म्हणून माझा फ्लॅट कधी होणार असं विचारतात.

७.१०

कर्वेनगरातून निघून चांदणी चौकावरून पाषाण, तिथून सूस रोड. डिकीत हेल्मेट, सेफ्टी शूज, पाच मीटरचा टेप, खडू आणि ए-थ्री कागदावर छापलेला नकाशा. नकाशा मोबाइलवर असतो, पण उन्हात पडद्यावर दोन सळयांमधलं अंतर वाचता येत नाही. शिवाय कागदावर खूण करता येते, आणि खूण केलेला कागद ठेकेदाराला दाखवता येतो. मोबाइलचा पडदा दाखवला तर तो म्हणतो, हा जुना नकाशा असेल.

७.५०

चौथ्या मजल्याचा स्लॅब. जिन्याला अजून कठडा नाही, भिंतीच्या अंगाने चढायचं. वर आलं की प्लायवर पसरलेलं स्टील आणि त्यात वाकलेली दहा-बारा माणसं, अजून बाइंडिंग वायर पिळत असलेली. "कम्प्लीट" या शब्दाचा साइटवरचा अर्थ मला पहिल्याच महिन्यात कळला होता: उरलेलं काम तुम्ही येईपर्यंत होईल.

इथले साइट इंजिनिअर डिप्लोमावाले, चौदा वर्षं याच कामात. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि कोण कुणाला शिकवतं हे दोघांनाही ठाऊक आहे. पहिल्या दिवशी मी फिटरला म्हटलं होतं, "भैया, इथे सोळा एमएम पाहिजे." तो बघतच राहिला. साइट इंजिनिअर माझ्या कानाशी म्हणाले, "पाँच सूत बोला." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दहाची सळई तीन सूत, बाराची चार, सोळाची पाच, विसाची सहा, पंचवीसची आठ. आमचा नकाशा मिलिमीटरमध्ये निघतो आणि सळई सुतात बांधली जाते. कॉलेजच्या चार वर्षांत हा शब्द एकदाही आला नाही. सुतार-गवंड्यांच्या तोंडी तो लहानपणापासून ऐकला होता, पण तो माझ्या अभ्यासक्रमातला आहे हे माहीत नव्हतं.

मी आधी बीम बघते. बीममध्ये उभ्या रिंगा असतात. भूकंपाच्या हिशेबाने आयएस १३९२० ही संहिता सांगते की कॉलमच्या तोंडाजवळ या रिंगा दाट हव्यात, शंभर मिलिमीटरच्या आत, आणि पहिली रिंग तोंडापासून पन्नासच्या आत. रिंगेचा हूक १३५ अंशांत वळून काँक्रीटच्या पोटात शिरलेला हवा. फिटरला ९० अंश सोपे पडतात. हात वळतो तिथे काम थांबतं. मोठ्या भूकंपात वरचं काँक्रीट सुटलं की ९० अंशांचा हूक उघडतो आणि रिंग कामातून जाते. पण भूकंप रोज येत नाही आणि फिटरला रोज दोनशे रिंगा वळायच्या असतात, त्यामुळे दर स्लॅबला हे भांडण नव्याने करावं लागतं. आज अकरा हूक सापडले. पाइप घालून जागेवरच वळवून घेतले. कॉलम आणि बीम जिथे भेटतात त्या सांध्यात रिंगा घालायला जागाच नसते, म्हणून त्या हमखास राहतात. तिथे मी बॅटरी घेऊन खाली वाकून मोजते. दोन सांध्यांत कमी होत्या. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, तुमच्या आधी तुमचे ऑफिसातले सर यायचे, ते एवढं वाकत नव्हते." ते खरं असणार. त्यांची पाठ दुखते.

मग बाल्कनी.

घराच्या आतल्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खाली असते, कारण भार आला की स्लॅब मधोमध झोल खातो आणि त्याचं खालचं अंग ताणलं जातं. बाल्कनीचं उलट. ती भिंतीत एका बाजूने धरलेली फळी. टोकाला माणूस उभा राहिला की ताण येतो वरच्या अंगाला. काँक्रीट दाब कितीही सोसेल, ताण आला की चिरतं. म्हणून बाल्कनीची सळई वर ठेवायची, आणि ती वर राहावी म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या सळईच्या छोट्या चेअर ठेवायच्या. आजच्या बाल्कनीत चेअर होत्या चार. बाकीच्या ठिकाणी रात्रभर माणसं त्या जाळीवरून चालली होती आणि सळया खाली बसल्या होत्या. टेप लावला. सळई जिथे असायला हवी तिथून पन्नास मिलिमीटर खाली. स्टील नकाशाइतकंच होतं, बिलातही तेवढंच लागणार होतं, फक्त ते कामाच्या जागी नव्हतं.

ठेकेदाराला म्हटलं, हे उचलून चेअर लावल्याशिवाय काँक्रीट नको.

"अहो मॅडम, दरवेळी असंच असतं. काँक्रीट पडताना पोरगा हुकानं वर ओढत जाईल. पंप आलाय. अकराला गाडी सुटतेय."

तो खोटं बोलत नव्हता. दरवेळी खरंच असं होतं, बहुतेक साइटवर. पंपाचं भाडं चालू झालेलं असतं, वीस माणसांची हजेरी लागलेली असते, आणि यातलं काहीही माझ्या खिशातून जात नाही. आठ महिन्यांपूर्वी मी अशा वेळी ऑफिसातल्या सरांना फोन लावून फोन ठेकेदाराच्या हातात द्यायचे. आज प्लायवर खडूने आकडे मांडले.

बाल्कनी दीड मीटर पुढे आलेली, मुळाशी जाडी १७५. तिचं स्वतःचं वजन, वरची फरशी आणि माणसांचे तीन किलोन्यूटन मिळून चौरस मीटरला साधारण नऊ. सुरक्षिततेसाठी दीडपट, साडेतेरा. गुणिले दीडचा वर्ग, भागिले दोन, पंधराच्या वर. टोकाच्या कठड्याचे साडेचार. म्हणजे वीस. सळई वरच्या जागी असेल, खालच्या तळापासून १५० वर, तर स्टील हवं मीटरला ३४१ चौरस मिलिमीटर. आपण दिलंय दहाची सळई दोनशेवर, म्हणजे ३९३. ठीक. सळई पन्नास खाली बसली, १५० चे १०० झाले, की हवं ५११. आपल्याकडे आहेत तेच ३९३.

मग सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुझा आकडा काय?"

"हवं ५११, आहे ३९३."

"मग मला कशाला फोन केलास?"

फोन ठेवला. साइटच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: 'बाल्कनीचे वरचे स्टील लेव्हलला घेऊन, मीटरला एक याप्रमाणे चेअर लावल्याशिवाय काँक्रीट करू नये.' खाली सही. ठेकेदाराने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि फिटरला हिंदीत जे सांगितलं त्यात माझा उल्लेख होता, पण शिवी नव्हती. आरएमसी दोनवर ढकलली. भंगारात पडलेल्या तीन सुताच्या तुकड्यांच्या चेअर वळायला सुरुवात झाली. पुढचे दोन तास मी तिथेच उभी राहिले. कामात हात घालायचा नाही, पण निघायचंही नाही. निघाले की चेअरची संख्या कमी होते, हेही मी शिकले आहे.

दुपारी १२.१०

ऑफिस. पायातले शूज काढेपर्यंत आमच्या ड्राफ्ट्समन काकांनी चहा पुढे केला. काका छप्पन वर्षांचे. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनने रेघा मारून सुरुवात केलेले, आता ऑटोकॅडवर. चुकली रेघ ब्लेडने खरवडावी लागायची त्या काळातले, त्यामुळे अजूनही रेघ मारण्याआधी क्षणभर थांबतात. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक इंजिनिअर काकांना एकदा तरी सांगतो की मी सांगतो तसं काढा. तसं सांगण्याची चूक मी दुसऱ्या आठवड्यात केली. काकांनी काहीही न बोलता तसंच काढलं, आणि मग बीमच्या सळया कॉलमच्या सळयांवर आपटताना मला दाखवल्या.

१२.३०

खुर्चीवर बसून करायचं काम आता सुरू. पार्किंग आणि वर अकरा मजले अशी एक इमारत माझ्याकडे आहे. म्हणजे तिचं ईटॅब्समधलं मॉडेल माझ्याकडे आहे, इमारत सरांकडे. नकाशाच्या कोपऱ्यात चार चौकटी असतात: काढलं, डिझाइन केलं, तपासलं, मंजूर. दुसऱ्या चौकटीत माझी आद्याक्षरं. महापालिकेकडे जी सही जाते ती चौथीतली.

बाहेरच्यांना वाटतं की आता सगळं सॉफ्टवेअर करतं. करतंच. कॉलम-बीमचा सांगाडा उभा केला, भार टाकले, बटण दाबलं की काही मिनिटांत हजारो आकडे बाहेर येतात, आणि सगळे दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत. चुकीच्या आकड्यालाही दशांशाची तीन घरं असतात. म्हणून सरांचा एक नियम आहे, पहिल्या दिवशी त्यांनी मला एक लांबट वही दिली. बटण दाबण्याआधी त्या वहीत आपला अंदाज लिहायचा. इमारतीचं एकूण वजन, मधल्या कॉलमवरचा भार, सर्वांत मोठ्या बीममधलं स्टील. "आधी आकडा सांग, मग मशीन लाव." मशीन लावल्यावर अंदाज लिहिला तर चालत नाही. तारीख आणि वेळ टाकावी लागते. सुरुवातीच्या पानांवरचे माझे अंदाज बघितले की लाज वाटते. एका ठिकाणी मी एका कॉलमवर अख्ख्या मजल्याचा भार टाकला आहे.

काल रात्री या इमारतीसाठी लिहिलं होतं: मजला ४०० चौरस मीटर, स्लॅब बारा, राहत्या इमारतीला भिंतींसकट चौरस मीटरला ढोबळ बारा किलोन्यूटन. ५७,६००. दहाने भागा, ५,७६० टन. आज बटण दाबलं. पायाशी बेरीज आली ४१,२००.

अंदाजात दहा टक्के इकडे-तिकडे होतात. सोळा हजार होत नाहीत. सोळा हजार म्हणजे काहीतरी राहिलं आहे. अशा वेळी मॉडेलकडे बघायचं नाही, फरकाकडे बघायचं. फरक १६,४००. मजले अकरा, मजल्याला साधारण दीड हजार. दीड हजाराचं एका मजल्यावर काय असतं? सहा इंची सॉलिड ब्लॉकची भिंत, मीटरला साडेसात, दोनशे मीटर. भिंती! मी भिंतींचा भार एका फाइलमध्ये टाकला होता आणि मॉडेल दुसऱ्याच, आदल्या दिवशीच्या फाइलमधून पुढे नेलं होतं. इमारत अकरा मजले भिंतींशिवाय उभी होती आणि सॉफ्टवेअरने तिला सगळीकडे हिरवा रंग दिला होता.

यात कॉलम बारीक निघाले असते हे तर झालंच. पण भूकंपाचं बलही इमारतीच्या वजनातूनच निघतं. अशा इमारतीला आमच्या हिशेबात वजनाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास आडवा धक्का धरावा लागतो. खऱ्या वजनाला तो दोनशे टनांचा. माझ्या बिनभिंतींच्या इमारतीला दीडशेच्याही खाली. वजन विसरलं की भूकंपही कमी होतो, निदान संगणकात.

सॉफ्टवेअरमध्ये भूकंपाच्या झोनची एक खिडकी आहे. पुणे २०१६ च्या संहितेत झोन तीन. तीन निवडलं की ०.१६ आपोआप येतं. माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लोक गणपती बोळवून नुकते झोपले होते तेव्हा, भूकंपात तिथली गावं बसली. सुमारे आठ हजार माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात तो भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे देशातली सर्वांत निर्धास्त जागा. २००२ च्या संहितेत झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि लातूर तीनमध्ये आलं. माणसं घरांखाली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच हात जाड भिंती, आणि वर माळवद: लाकडी पाटणीवर फूट-दीड फूट माती. उन्हाळ्यात आत गारवा असायचा, म्हणून दरवर्षी वर थोडी माती पडायची. आजीला पुनर्वसनात स्लॅबचं घर मिळालं. कित्येक वर्षं ती त्यात सामान ठेवायची आणि स्वतः अंगणात पत्र्याखाली झोपायची. "वर वजन नको बाई," म्हणायची. मी जन्मले त्यानंतर, त्यामुळे मला हे सगळं घरातल्या गोष्टीसारखं माहीत आहे. ०.१६ निवडताना रोज आठवतं असं नाही. आज आठवलं.

भिंती टाकल्या. ५७,१००. वहीत दोन्ही आकडे लिहिले, आधीचाही.

१.४५

डबा. बटाटा, पोळी, मेसच्या ताईंनी दिलेला जास्तीचा ठेचा. कुणी कामाबद्दल बोलत नाही.

२.१५

आर्किटेक्टकडून मेल. विषय: 'छोटासा बदल'. सोबतच्या नकाशावर आर ४, म्हणजे चौथी सुधारणा. पार्किंगमध्ये एका गाडीला वळायला जागा मिळत नाही, तेव्हा सी-११ हा कॉलम खाली नसला तर बरं, वर असू दे. म्हणजे वर अकरा मजले कॉलम आणि तळाला तो हवेत, एका बीमवर बसलेला. याला तरंगता कॉलम म्हणतात, आणि भूकंपाच्या संहितेला तो अजिबात आवडत नाही. जमिनीपर्यंत सरळ जाणारं बल मधेच आडवळणाला लावायचं आणि सगळी भिस्त एका बीमवर ठेवायची.

कॉलेजात असताना वाटायचं की आर्किटेक्ट आणि आपण यांचं हाडवैर असतं. तसं काही नसतं. त्यांची अडचण खरी आहे, गाडी खरंच वळत नाही. काकांनी नकाशा मोठा करून माझ्यासमोर ठेवला आणि सांगितलं, "कॉलम काढू नको, फिरव." ३०० बाय ७५०चा कॉलम आडवा होता, उभा केला की गाडीला साडेचारशे मिलिमीटर मिळतात. वरच्या मजल्यावर तो बेडरूममध्ये थोडा डोकावतो, तिथे कपाट येतंय. कपाटात कॉलम लपवणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना तोडगा आहे. आता कॉलम फिरला की त्याची मजबूत बाजू फिरली, म्हणजे मॉडेल पुन्हा, चार बीम पुन्हा, पाया पुन्हा. छोटासा बदल, दीड दिवसाचं काम. वहीत अंदाज लिहिला आणि सुरुवात केली.

३.०५

साइटवरून फोटो. पंपाचा पाइप, पहिलं काँक्रीट. बाल्कनीचा एक वेगळा फोटो, मी न मागता पाठवलेला. चेअर दिसतायत. मी मोजल्या.

५.४५

सर लाल पेन घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतात. हा अर्धा तास माझ्या पगाराचा खरा भाग आहे, असं मी घरी सांगते, कारण पगाराचा आकडा सांगण्यापेक्षा ते बरं. मला अठरा हजार मिळतात. माझ्या वर्गातल्या ज्यांनी सिव्हिल सोडून आयटी धरलं त्यांना याच्या दुप्पट-तिप्पट. छोट्या कन्सल्टंटच्या ऑफिसात सुरुवात अशीच होते आणि त्यात न्याय आहे असं मी म्हणणार नाही. अख्ख्या इमारतीच्या खर्चात सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याची फी हा कणीएवढा भाग असतो, आणि त्या कणीतून आम्ही आठ जण. या कामात यायचं असेल त्याने हे आधीच विचारून घ्यावं. मुलाखतीत मी विचारलं नव्हतं.

सर आधी वही बघतात, मग मॉडेल. ४१,२०० वर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "कशावरून पकडलंस?" सांगितलं. त्यांनी खूण केली, शाबासकी नाही. मग सकाळचं विचारलं. ठेकेदार चिडला का, किती वेळ गेला. आणि मग कॅन्सस सिटीची गोष्ट सांगितली, जी ते प्रत्येक नवीन माणसाला सांगतात. मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकली, याचा अर्थ आठ महिने तिची वेळ आली नव्हती.

अमेरिकेतल्या त्या शहरात हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात एकावर एक असे दोन हवेतले पूल छतापासून लोखंडी दांड्यांनी टांगायचे होते. मूळ नकाशात एकच लांब दांडी, दोन्ही पुलांतून जाणारी. बनवणाऱ्याला एवढी लांब दांडी गैरसोयीची वाटली. त्याने दोन तुकडे केले: छतापासून वरचा पूल, आणि वरच्या पुलापासून खालचा. एका दोराला दोन माणसं आपापल्या हातांनी लोंबकळत असतील तर प्रत्येकाच्या मुठीवर आपापलं वजन. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोराला काही फरक पडत नाही, वरच्याच्या मुठीवर मात्र दोघांचं. त्या जोडावरचा भार दुप्पट झाला. बदललेले नकाशे इंजिनिअरच्या कार्यालयातून मंजूर होऊन गेले, नव्या जोडाचं गणित कुणी केलं नाही. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी, दालनात नाचाचा कार्यक्रम चालू असताना पूल कोसळले. ११४ माणसं मेली. इंजिनिअरांचे परवाने गेले.

"पोरगा हुकानं ओढत जाईल, हे तेच," सर म्हणाले. "सोयीसाठी केलेला बदल. त्याचं गणित दोन मिनिटांचं असतं, पण ते करायला कुणीतरी दोन मिनिटं थांबावं लागतं." मग माझ्या एका बीमच्या सळयांवर लाल गोल केला. पाच सळया एका ओळीत, त्यांच्यामधून खडी जाणार नाही. हे मी सकाळी साइटवर दुसऱ्याच्या बीममध्ये बघितलं असतं तर रजिस्टरमध्ये लिहिलं असतं.

७.४०

निघाले. कर्वे रस्त्यावर गर्दी. सिग्नलला थांबले की नव्या इमारतींच्या बाल्कन्या किती बाहेर आल्यात ते बघायची खोड लागली आहे. आत कोण राहतं ते दिसत नाही, फक्त दीड मीटर, सव्वा मीटर. एकीला खालून तडा होता. खालचा तडा बहुतेक वेळा गिलाव्याचा असतो. वरचा असता तर घाबरले असते, आणि वरचा रस्त्यावरून दिसत नाही.

आईचा फोन. "जेवलीस का?" अजून नाही म्हटलं. "आज काय केलंस?" बाल्कनीच्या सळया वर उचलल्या म्हटलं. "तू स्वतः?" नाही गं, लोकांनी. "मग तू काय केलंस?" उभी राहिले म्हटलं. ती थोडं थांबली आणि म्हणाली, काकूंच्या मुलीचं ठरलं.

रात्री १०.२०

साइट इंजिनिअरचा शेवटचा मेसेज. स्लॅब संपला. ७८ घनमीटर, तेरा गाड्या. एवढ्या काँक्रीटला संहितेप्रमाणे पाच नमुने लागतात, आणि सात दिवसांचे, अठ्ठावीस दिवसांचे धरून नमुन्याला सहा क्यूब. म्हणजे तीस. फोटोत दीडशे मिलिमीटरचे तीस साचे ओळीने, ओले. खाली लिहिलंय: "मोल्ड कमी पडले, शेजारच्या साइटवरून उसने आणले. तुमच्यामुळे." मी नमस्काराचा हात पाठवला.

एम ३० काँक्रीट आहे. अठ्ठावीस दिवसांनी क्यूब तीसच्या वर फुटायला हवा. सात दिवसांनी त्याच्या दोन-तृतीयांशाच्या जरा वर. वही बाहेर काढली, तारीख आणि वेळ टाकली, आणि लिहिलं: सूस रोड, चौथा स्लॅब, सात दिवस, २२. क्यूब पुढच्या गुरुवारी फुटतील.